उणे पाच व्होल्टची गोष्ट: एकाच घटातून ऋण दाब

२ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीतील ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा भारतीय मायक्रोप्रोसेसर पंतप्रधानांना भेट देण्यात आला. तिरुवनंतपुरमचे विक्रम साराभाई अंतराळ केंद्र आणि मोहालीची सेमिकंडक्टर लॅबोरेटरी यांनी मिळून तो घडवला. वृत्तांत त्याच्या १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानाची आणि उणे ५५ ते अधिक १२५ अंश सेल्सिअस तापमानात काम करण्याच्या क्षमतेची चर्चा झाली. तपशिलाच्या यादीतील एका ओळीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हा प्रोसेसर ३.३ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालतो.

आज ‘एकाच’ हा शब्द आपल्याला स्वाभाविक वाटतो. पन्नास वर्षांपूर्वी तो तसा नव्हता. त्या काळातील अनेक चिपांना दोन-तीन वेगवेगळे दाब द्यावे लागत आणि त्यांपैकी एक हमखास ऋण असे. त्याही आधी, रेडिओच्या काळात, घरातल्या एका संचाला तीन प्रकारच्या बॅटऱ्या लागत. ऋण दाबासाठी लागणारा हा वेगळा घट नाहीसा कसा झाला, याचा इतिहास सांगण्यासारखा आहे. त्यात दोन वेगळ्या कल्पना आहेत आणि विद्यार्थी आजही त्यांची गल्लत करतात.

आधी ‘ऋण दाब’ म्हणजे काय ते स्पष्ट करू. काशीला दरभंगा घाट आणि अहल्याबाई घाट यांच्या मध्ये मुन्शी घाट आहे. श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या पायऱ्या गंगेत उतरतात. उन्हाळ्यात पाणी खाली जाते तेव्हा कितीतरी पायऱ्या उघड्या पडतात. पावसाळ्यात त्या बुडतात. ‘मी दहा पायऱ्या खाली आहे’ असे कोणी म्हटले तर पहिला प्रश्न येतो: कुठून खाली? पाण्यापासून मोजले तर उत्तर रोज बदलेल. म्हणून वाराणसीची पूरपातळी पाण्यावरून किंवा पायऱ्यांवरून न मोजता समुद्रसपाटीवरून मोजतात. तेथील इशारापातळी ७०.२६२ मीटर, धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आणि १९७८ च्या महापुराची पातळी ७३.९०१ मीटर. हे सारे आकडे धन आहेत. धोक्याची पातळी शून्य मानली, तर इशारापातळी उणे एक मीटर होईल. नदीत काहीच बदललेले नसेल. फक्त शून्याची जागा बदललेली असेल.

याच काशीत एकोणिसाव्या शतकात बापूदेव शास्त्री हे मराठी घराण्यातील गणिती शासकीय संस्कृत महाविद्यालयात शिकवत होते. त्यांचे सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर १८६१ साली प्रसिद्ध झाले आणि भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीचे त्यांनी संपादन केले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या आरंभी जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला होता. त्या परंपरेतील लीलावती या ग्रंथात एक उदाहरण आहे. त्रिकोणाच्या दोन भुजा १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती? गणित केले की एक तुकडा १५ येतो आणि दुसरा उणे ६. लांबी उणे कशी असेल? भास्कराचार्यांचे उत्तर साधे आहे: तो तुकडा विरुद्ध दिशेला आहे. लंब पायाच्या बाहेर पडतो, म्हणून त्या कोपऱ्यापासून उलट दिशेने सहा मोजायचे.

विद्युतशास्त्रातील ऋण दाबाचा अर्थ नेमका हाच आहे. ऋण व्होल्ट हा काही वेगळ्या जातीचा पदार्थ नाही. परिपथातील एक बिंदू आपण शून्य मानतो, त्याला ‘ग्राउंड’ म्हणतो आणि त्या बिंदूच्या खालच्या बाजूला असलेल्या विभवाला ऋण म्हणतो. घटाला दोनच टोके असतात आणि कोणते टोक शून्य मानायचे हे आपण ठरवतो.

ही निवड किती व्यावहारिक असते याचे उत्तम उदाहरण म्हणजे टेलिफोन. मुंबईत २८ जानेवारी १८८२ रोजी टेलिफोन केंद्र सुरू झाले. पुढे जगभरच्या टेलिफोन केंद्रांत एक प्रथा रूढ झाली: ४८ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडायचे, म्हणजे तारांवर उणे ४८ व्होल्ट येतात. ओलसर मातीतून जाणारी तांब्याची तार जमिनीच्या मानाने धन असेल, तर विद्युतअपघटनाने झिजते; ऋण असेल तर बऱ्याच अंशी वाचते. येथे ऋण दाब निर्माण करण्यासाठी कोणतेही यंत्र लागले नाही. फक्त शून्य कुठे मानायचे ते बदलले.

अडचण सुरू होते ती एकाच परिपथात शून्याच्या दोन्ही बाजू हव्या असतात तेव्हा. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्या काळात वीज न पोहोचलेल्या घरांतील रेडिओ बॅटरीवर चालत आणि त्यांच्या तीन बॅटऱ्यांना अक्षरांची नावे होती. व्हॉल्व्हची तार तापवणारी ‘ए’, पट्टिकेला ९० किंवा त्याहून अधिक व्होल्ट देणारी ‘बी’ आणि जाळीला म्हणजे ग्रिडला काही व्होल्ट ऋण ठेवणारी ‘सी’. जाळी तंतूच्या मानाने ऋण नसेल तर ती स्वतःच इलेक्ट्रॉन ओढू लागते आणि आवाज विकृत होतो. ‘सी’ बॅटरीतून प्रवाह जवळजवळ वाहत नसे, तरीही ती विकत घ्यावी लागे, जपावी लागे आणि वेळच्या वेळी बदलावी लागे.

तिला रजा देणारी युक्ती फार साधी होती. ‘बी’ बॅटरीचे ऋण टोक थेट तंतूला न जोडता मध्ये एक रोधक घालायचा. संचातून एकूण १० मिलिअँपिअर प्रवाह जात असेल आणि रोधक ५०० ओहमचा असेल, तर त्याच्या टोकांत ५ व्होल्टचा फरक पडतो. तंतू शून्य मानला तर बॅटरीचे ऋण टोक आता उणे ५ व्होल्टवर आहे. जाळी तिकडे जोडली की काम झाले. किंमत एवढीच की पट्टिकेला ९० ऐवजी ८५ व्होल्ट मिळतात. एका पुरवठ्यातून ऋण दाब मिळवण्याची ही पहिली कल्पना: शून्य सरकवणे. अशा युक्तीत नवे काही मिळत नाही. एकूण दाबाची फक्त वाटणी होते.

आजचा विद्यार्थी ऑपॅम्पचा प्रयोग करताना हेच करतो. ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर दोन समान रोधक ठेवून मधला बिंदू ‘शून्य’ मानतो, म्हणजे अधिक ४.५ आणि उणे ४.५ व्होल्ट मिळतात. मायक्रोफोनचा किंवा हृदयाच्या आलेखाचा संकेत शून्याच्या वर-खाली जातो, म्हणून ही सोय लागते. पण या कृत्रिम शून्यातून प्रवाह ओढला की ते सरकते. ते स्थिर ठेवायला आणखी एक ऑपॅम्प खर्ची पडतो. शिवाय बॅटरी ३ व्होल्टचीच असेल तर वाटून वाट्याला दीडच येतो. कमी दाबाच्या जगात वाटणीची ही कल्पना लवकर तोकडी पडते. येथे दुसरी कल्पना उपयोगी पडते आणि तिचे मूळ अगदी उलट गरजेत, उच्च दाबाच्या शोधात आहे.

१९१४ साली स्विस भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख ग्राइनाखर यांना त्यांच्या आयनमापकासाठी २०० ते ३०० व्होल्ट हवे होते आणि झुरिकच्या वीजपुरवठ्यात मिळत होते ११० व्होल्ट प्रत्यावर्ती. त्यांनी कपॅसिटर आणि एकदिशकारी यांची अशी जोडणी केली की एका अर्धचक्रात कपॅसिटर भरतो आणि दुसऱ्या अर्धचक्रात त्याचा दाब पुरवठ्याच्या दाबात मिळतो. पुढे त्यांनी या पायऱ्या एकावर एक रचता येतात हेही दाखवले. त्याच रचनेने केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी एप्रिल १९३२ मध्ये प्रोटॉनांना वेग देऊन लिथियमचे केंद्रक फोडले. होमी भाभा त्या वेळी केंब्रिजमध्येच शिकत होते. पुढे त्यांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही १९५० च्या दशकात याच पद्धतीचा दहा लाख व्होल्टचा संच आला.

या परिपथातील सर्व एकदिशकारी उलटे बसवले, तर तोच परिपथ ऋण दाब देतो. ही दुसरी कल्पना: प्रभार वाहून नेणे. कपॅसिटर हे भांडे आहे. ते एका ठिकाणी भरायचे, सोडवायचे आणि दुसऱ्या ठिकाणी रिते करायचे. ते भांडे दोन्ही टोकांनी मोकळे झाले की त्याचे कोणते टोक शून्याला जोडायचे हे पुन्हा आपल्या हाती येते.

पाच व्होल्टचे उदाहरण घेऊ. पहिल्या अर्ध्या फेरीत कपॅसिटरचे वरचे टोक अधिक ५ व्होल्टला आणि खालचे ग्राउंडला जोडा. त्यात ५ व्होल्ट साठतात. दुसऱ्या अर्ध्या फेरीत दोन्ही टोके सोडवा आणि वरचे टोक ग्राउंडला जोडा. दोन टोकांतील फरक अजून ५ व्होल्टच आहे. पण वरचे टोक शून्यावर आल्यामुळे खालचे टोक उणे ५ वर गेले. आता ते दुसऱ्या, स्थिर कपॅसिटरला जोडले की त्यात ऋण दाब साठत जातो. ही फेरी सेकंदाला हजारो वेळा केली की रहाटाच्या गाडग्यांसारखा प्रभार सतत वाहता राहतो.

ही कल्पना चिपेवर उतरण्यापूर्वीची स्थिती आठवली पाहिजे. १९७४ सालच्या इंटेल ८०८० या प्रोसेसरला अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५ असे तीन पुरवठे लागत. १९७६ ची प्रसिद्ध स्मृतिचिप ४११६ हिचीही तीच मागणी होती. उणे ५ व्होल्टमधून प्रवाह अगदी थोडा जाई, कारण त्याचे काम सिलिकॉनच्या पायालाच ऋण ठेवण्याचे होते. तसे केल्याने ट्रान्झिस्टर स्थिर वागत आणि वेगाने चालत. पण हा पुरवठा सर्वांत आधी यावा आणि सर्वांत शेवटी जावा लागे. अधिक १२ व्होल्ट आले आणि उणे ५ आले नाहीत, तर चिप कायमची जळू शके. जवळपास काहीही प्रवाह न घेणारी एक तार सुटली की महागडा संच निकामी होई. ‘सी’ बॅटरीचीच गोष्ट नव्या रूपात परत आली होती.

१९७६ मध्ये आलेला ८०८५ हा प्रोसेसर भारतातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वेगळा सांगायला नको. रमेश गावकर यांच्या पाठ्यपुस्तकातून त्याची ओळख करून घेतलेल्या अनेक पिढ्या आपल्याकडे आहेत. त्याच्या नावातील शेवटचा ‘५’ एकाच ५ व्होल्ट पुरवठ्याचा निदर्शक आहे. सेकंडहँड ट्रेनर किट आणि साधा पाच व्होल्टचा पुरवठा एवढ्यावर प्रयोगशाळा चालवता येणे ही मर्यादित साधनांच्या महाविद्यालयासाठी मोठी गोष्ट होती. १९७८ च्या ८०८६ मध्ये तर सिलिकॉनच्या पायाला लागणारा ऋण दाब चिपेच्या आतच तयार होतो. त्यासाठी तिच्यावर एक लहानसा दोलक आणि प्रभार वाहून नेणारे कपॅसिटर आहेत. म्हणजे ऋण दाबाची गरज संपली नव्हती. बाहेरची तार तेवढी संपली होती.

१९८० च्या सुमारास इंटरसिल कंपनीची आयसीएल ७६६० ही आठ पायांची चिप आली आणि हीच सोय कोणत्याही परिपथाला स्वस्तात मिळाली. तिच्यात चार मॉसफेट स्विच आणि १० किलोहर्ट्झचा दोलक असतो. त्याची वारंवारता निम्मी करून प्रत्यक्ष फेऱ्या सेकंदाला ५,००० होतात. बाहेरून १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर जोडले की १.५ ते १० व्होल्टपर्यंतचा धन दाब तेवढ्याच ऋण दाबात बदलतो. येथे एक सावधगिरी हवी. बाहेर पडणाऱ्या बाजूच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे धन टोक ग्राउंडला जोडायचे असते, कारण त्या ठिकाणी ग्राउंडच वरच्या पातळीवर आहे. सवयीने ऋण टोक ग्राउंडला जोडले तर कपॅसिटर फुगतो. शून्य ही निवड आहे हे ज्याला उमगले, त्याच्या हातून ही चूक होत नाही.

या रहाटाची मर्यादाही गणिताने दिसते. भाराने २० मिलिअँपिअर ओढले, तर सेकंदाला ५,००० फेऱ्या होत असल्याने प्रत्येक फेरीत ४ मायक्रोकूलंब न्यावे लागतात. १० मायक्रोफॅरडच्या भांड्यातून एवढा प्रभार गेला की दाब ०.४ व्होल्टने उतरतो, म्हणजे नुसत्या वाहतुकीचाच रोध २० ओहमइतका. त्यात स्विचांचा रोध मिळवला की एकूण सुमारे ५५ ओहम होतो. म्हणून २० मिलिअँपिअरला उणे ५ ऐवजी साधारण उणे ३.९ व्होल्टच हाती येतात. कपॅसिटर मोठा करा किंवा फेऱ्या वाढवा, घट कमी होईल. पण स्विचांचा वाटा उरतोच. अधिक प्रवाह हवा असेल तर कपॅसिटरऐवजी कुंडलीत ऊर्जा साठवणारे परिपथ वापरावे लागतात.

दुरुस्तीच्या दुकानांत आणि शाळांच्या प्रकल्पांत हेच काम ५५५ या टायमरने, दोन डायोड आणि दोन कपॅसिटर लावून केले जाते. १२ व्होल्टवर ते उत्तम चालते आणि साधारण उणे ९ व्होल्ट देते. ५ व्होल्टवर मात्र निराशा होते. साध्या ५५५ चे उत्पादन पुरवठ्यापेक्षा दीड-पावणेदोन व्होल्ट कमी राहते आणि दोन डायोड आणखी सव्वा-दीड व्होल्ट खातात. हाती उरतात जेमतेम उणे २. दाब कमी होत जातो तसा प्रत्येक डायोडचा ०.६ व्होल्ट अधिक जाचतो. कमी दाबात डायोडची जागा मॉसफेट स्विचांनी का घेतली, याचे कारण हेच.

१९८० च्या दशकात मॅक्सिम कंपनीच्या मॅक्स २३२ या चिपेने पुढचे पाऊल टाकले. संगणकाच्या सिरियल जोडणीच्या आरएस-२३२ मानकात ‘एक’ हा ऋण दाबाने आणि ‘शून्य’ हा धन दाबाने पाठवतात. ही चिप ५ व्होल्ट आधी दुप्पट करून १० करते आणि मग ते १० उलटवून उणे १० करते. सोबत लागतात चार छोटे कपॅसिटर. भारतातील महाविद्यालयांत ८०५१ मायक्रोकंट्रोलरवर झालेल्या असंख्य प्रकल्पांच्या पट्टीवर ही सोळा पायांची चिप दिसते. ती नसती तर प्रत्येक प्रकल्पाला अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टचा आणखी एक ट्रान्सफॉर्मर लागला असता.

आता ही युक्ती आपल्या खिशात आली आहे. एकाच धन पुरवठ्यावर इअरफोन चालवायचा तर पूर्वी मध्ये मोठा कपॅसिटर घालावा लागे. ३२ ओहमच्या इअरफोनला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर ५० हर्ट्झच्या खालचे स्वर दबू लागतात. पखवाजाचा धुमारा तिथेच हरवतो. आजचे अनेक प्रवर्धक चिपेतच ऋण दाब तयार करतात आणि आवाजाची लाट थेट शून्याभोवती हलते. मोठा कपॅसिटर गेला, जागा वाचली, खालचे स्वर आले.

मात्र एक हिशेब चुकवता येत नाही. या पंपाने भाराला जेवढा ऋण प्रवाह दिला, तेवढाच धन पुरवठ्यातून घेतला. शिवाय स्वतःचा खर्चही घेतला. उलट-सुलट करताना स्विचांची धडधड दाबावर उमटते आणि सूक्ष्म संकेत मोजणाऱ्या उपकरणात ती गाळून काढावी लागते. आपल्या भाषेत ऋण या शब्दाचा पहिला अर्थ कर्ज असा आहे. परिपथातही ते कोणीतरी फेडतेच, आणि एकच पुरवठा असेल तेव्हा तो फेडणारा एकच असतो.

म्हणून ‘एकाच पुरवठ्यावर चालतो’ ही ओळ वाचताना ऋण दाब नाहीसा झाला असे समजू नये. जिथे त्याची गरज होती तिथे तो बहुधा आत गेला, किंवा शून्य सरकवून रचनेनेच त्याची गरज संपवली. पुढच्या वेळी प्रयोगशाळेत मल्टिमीटरवर उणे चिन्ह दिसले, की आधी काळी तार कुठे लावली आहे ते पाहावे. हे उणे केवळ मोजण्याच्या दिशेमुळे आले आहे की परिपथाने कष्टाने तयार केले आहे, हे ज्याला सांगता येईल त्याला ग्राउंड या शब्दाचा अर्थ कळला.